गेम स्पर्धांच्या गुणपत्रिकेतला 'ट्रिपल-ए' रकाना काढून टाका

प्रति,
बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी भागातील महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि विद्यार्थ्यांच्या गेम-निर्मिती स्पर्धांचे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या भागातल्या कॉलेजांत गेम बनवण्याच्या स्पर्धा होऊ लागल्या, याचा मला फार आनंद आहे. मी शिकत होते तेव्हा गेम ही घरच्यांपासून लपवून खेळायची गोष्ट होती. आज खानापूरच्या खेड्यातली मुलगी स्टेजवर उभी राहून स्वतः लिहिलेला गेम दाखवते आणि समोर प्राचार्य बसलेले असतात. हे आपण घडवून आणलंत, म्हणूनच आपल्याला लिहावंसं वाटलं.

या स्पर्धांच्या गुणपत्रिकांत हल्ली एक रकाना दिसू लागला आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो: 'ट्रिपल-ए दर्जाचे ग्राफिक्स'. (मोठ्या प्रकाशकांच्या, मोठ्या खर्चाच्या गेमना ट्रिपल-ए म्हणतात.) कुठे तो 'प्रॉडक्शन क्वालिटी (ट्रिपल-ए पातळी)' असा असतो, आणि त्याला बऱ्यापैकी गुण असतात. तो काढून टाकावा, एवढीच माझी मागणी आहे. कारण सांगायला मात्र जरा जागा लागेल.

मी मूळची खानापूर तालुक्यातली. बेंगळुरूत काही वर्षं परदेशी स्टुडिओंच्या गेमसाठी थ्रीडी मॉडेल बनवली. आता तेच काम बेळगावात राहून करते आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना शिकवते. ज्या गेमना ट्रिपल-ए म्हणतात, त्यांचे दरवाजे, पिंपं, कंदील, दगडी पायऱ्या मी बनवल्या आहेत. त्यामुळे हा शब्द आतून काय आहे ते मला ठाऊक आहे.

ट्रिपल-ए ही पदवी कोणी देत नाही. ती देणारी संस्था नाही, नियमावली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या गेम व्यावसायिकांत ही भाषा रूढ झाली. कर्जरोख्यांचं पतमानांकन करताना सर्वांत भरवशाच्या रोख्याला जी तीन अक्षरं लावतात, तीच इथे आली. पैसा लावणाऱ्याला सांगायचं होतं की या गेममागे मोठा प्रकाशक आहे, मोठी जाहिरात होणार आहे, घातलेला पैसा परत येईल. गेम चांगला आहे की वाईट, याबद्दल ती अक्षरं तेव्हाही काही सांगत नव्हती आणि आजही सांगत नाहीत.

मग एखादा गेम त्या वर्गात नेमका कशामुळे बसतो? पैशामुळे. पण 'पैसा' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर महागडे कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर येतं, आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. तेव्हा हा पैसा जातो कुठे ते आधी पाहू.

१९९७ साली 'फायनल फँटसी ७' आला तेव्हा त्याच्या निर्मितीवर चार कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाल्याचा अंदाज होता आणि लोकांनी तोंडात बोटं घातली होती. १९९९च्या 'शेनम्यू'वर जाहिरात धरून ४ कोटी ७० लाख डॉलर लागले, असं त्याचे दिग्दर्शक यू सुझुकी यांनी पुढे सांगितलं. २०१३मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' आला, त्याचा निर्मिती आणि जाहिरातीचा एकत्रित खर्च साडेसव्वीस कोटी डॉलरच्या घरात असल्याचं मानलं जातं. त्याने पहिल्या तीन दिवसांत शंभर कोटी डॉलरची विक्री केली. हे आकडे बहुतेक अंदाजाचे, कारण कंपन्या खर्च जाहीर करत नाहीत. २०२३मध्ये मात्र मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीची काही कागदपत्रं कोर्टात सादर झाली. त्यांतला मजकूर काळ्या मार्करने झाकला होता, पण स्कॅनमध्ये तो वाचता आला. त्यातून कळलं की 'द लास्ट ऑफ अस भाग २'वर २२ कोटी डॉलर खर्च झाले, म्हणजे आजच्या दराने अठराशे कोटी रुपयांच्या वर. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'वर २१ कोटी २० लाख डॉलर, पाच वर्षं, आणि काम ऐन भरात असताना ३००हून जास्त माणसं.

हा दुसरा आकडा जरा उलगडून पाहा. पाचही वर्षं तीनशे माणसं नसणार, सुरुवातीला कमी असतात, शेवटी वाढतात. सरासरी दोनशे धरू. दोनशे माणसं गुणिले साठ महिने, बारा हजार माणूस-महिने. २१ कोटी २० लाखांना बाराने भागा, हजाराने भागा: एका माणसाच्या एका महिन्यामागे साडेसतरा हजार डॉलर. त्यात पगार, ऑफिसचं भाडं, विमा, कर, बाहेरून करून घेतलेलं काम, आवाज देणारे कलाकार, सगळं आलं. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या स्टुडिओसाठी हा खर्च अजिबात आश्चर्याचा नाही. म्हणजे ट्रिपल-ए गेमचं बजेट हे मुख्यतः माणसांच्या पगाराचं बजेट असतं.

आता आपल्या स्पर्धेतला गट घ्या. चार जण, तीन महिने, तेही परीक्षा आणि प्रॅक्टिकल सांभाळून. बारा माणूस-महिने. बारा हजार आणि बारा. आपण हजारपट फरकाच्या दोन गोष्टी एका पट्टीने मोजतो आहोत.

हे मुलांना कळत नाही असं नाही. त्यांना ते नीट कळतं आणि ती त्यावर तोडगाही काढतात. तो तोडगा पाहून मला काळजी वाटू लागली.

एका स्पर्धेला मी प्रेक्षकांत बसले होते. पहिला आलेला गेम पडद्यावर सुरू झाला आणि सभागृह 'वा' म्हणालं. ओला रस्ता, उद्ध्वस्त इमारती, धुक्यात चालणारा सैनिक, डबक्यात पडलेलं प्रतिबिंब. सैनिक चालत राहिला. चालण्यापलीकडे त्या गेममध्ये करण्यासारखं काही नव्हतं. ते शहर, ते डबकं, तो सैनिक, त्याची चाल, सगळं तयार मिळालेलं होतं. त्यात लबाडी नाही, ती साधनं वापरायलाच दिलेली आहेत. अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर मेगास्कॅन्स नावाचा खऱ्या दगडमातीचा स्कॅन केलेला संग्रह कित्येक वर्षं फुकट मिळत होता. त्यातले कातळ आइसलंडसारख्या ठिकाणी जाऊन स्कॅन केलेले. ते उचलून ठेवले की दृश्य आपोआप खरं दिसतं. प्रकाशाचं गणित इंजिन करतं. म्हणजे 'ट्रिपल-ए दर्जाचे ग्राफिक्स' या रकान्यात जे गुण पडले, ते आइसलंडला गेलेल्या माणसांच्या कामाला पडले. ती मुलं हुशार होती. आपण काय मागतो ते त्यांनी ओळखलं आणि तेच दिलं.

त्याच दिवशी दोन मुलींनी एक गेम दाखवला होता. भीमगडच्या जंगलातल्या गावांना पावसाळ्यात काय होतं ते आपल्याला माहीत आहे: ओढ्याला पाणी चढतं, साकव बुडतो, वाट तुटते. त्या गेममधली शाळकरी मुलगी रोज सकाळी घरातून निघते. रात्रभर कौलांवर पडलेल्या पावसाच्या आवाजावरून खेळणाऱ्याने ठरवायचं की आज साकवावरून जायचं, लांबच्या वाटेने जायचं, की घरी थांबायचं. घरी थांबलं तर हजेरी जाते. लांबच्या वाटेने गेलं तर उशीर होतो आणि परतताना अंधार पडतो. चित्रं साधी, सपाट रंगांची. पण तो पाऊस त्या दोघींनी आपापल्या घरी, कौलाखाली बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलेला होता आणि मंद, मध्यम, मुसळधार असे त्याचे थर लावले होते. मी हेडफोन लावून खेळले आणि चौथ्या दिवशी साकवावर अडकले, कारण मी घाईत नीट ऐकलं नव्हतं. आवाजाने खेळ चालवणं फार अवघड असतं. मोठमोठ्या स्टुडिओंत त्यासाठी वेगळा विभाग असतो. या मुलींना 'ग्राफिक्स'मध्ये जवळजवळ काहीच गुण मिळाले नाहीत आणि पहिल्या पाचांत त्यांचं नाव आलं नाही. परीक्षकांनी लिहिलेला शेरा होता: 'लुक ट्रिपल-ए वाटत नाही'.

नंतर माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, आमचा गेम ट्रिपल-ए वाटूलालाय काय?" त्याचा गेम उत्तम चालला होता. गेल्या वर्षी हाच मुलगा मला विचारत असे की खेळताना मजा येते का. प्रश्न बदलला, तो त्या रकान्यामुळे.

ट्रिपल-एचा एवढा मोठा आकार त्या गेमचं काय करतो, हेही मुलांना सांगायला हवं. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२३मध्ये प्रकाशकांकडून माहिती घेतली तेव्हा दिसलं की २०२४-२५मध्ये येणाऱ्या मोठ्या गेमची निर्मितीच वीस कोटी डॉलर आणि त्याहून वर गेली आहे. पूर्वी ती पाच ते पंधरा कोटींत होत असे. जाहिरातीचा खर्च वेगळा, आणि तो कधीकधी निर्मितीच्या जवळपास जातो. एवढा पैसा अडकला की नवी कल्पना घ्यायला हात धजत नाही. म्हणून एकाच मालिकेचे भाग येत राहतात: पाचवा, सातवा, विसावा. पैसा लावणाऱ्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. पण चार विद्यार्थ्यांच्या डोक्यावर कसलं कर्ज नाही. त्यांना काहीही करून पाहता येतं आणि या वयातलं हे सर्वांत मोठं भांडवल आहे. ट्रिपल-एसारखं दिसायला सांगून आपण तेच त्यांच्याकडून काढून घेतो.

आणि एवढं करून भरवसा तरी मिळतो का? 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२०मध्ये आला. अनेक वर्षांचं काम, प्रचंड जाहिरात, हॉलिवूडचा नट. जुन्या कॉन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांवर, तो इतका अडखळत होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. पुढची काही वर्षं तो दुरुस्त करण्यात गेली, आणि आज तो खरोखर चांगला गेम आहे. 'कॉन्कॉर्ड' या गेमच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. २३ ऑगस्ट २०२४ला प्रसिद्ध झाला, ६ सप्टेंबरला बंद झाला. वर्षानुवर्षांचं काम दोन आठवड्यांत संपलं, ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा स्टुडिओही बंद झाला. या गेमचे ग्राफिक्स आपल्या गुणपत्रिकेत पूर्ण गुण घेऊन गेले असते. 'स्कल अँड बोन्स' २०२४मध्ये आला तेव्हा युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या प्रमुखांनी त्याला 'क्वाड्रपल-ए' म्हटलं होतं. चौथा 'ए' लावायला कोणाची परवानगी लागत नाही, कारण पहिल्या तीनांनाही लागली नव्हती.

मोठ्या गेमबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे स्पष्ट सांगते. त्यांतली कारागिरी मी जवळून पाहिली आहे आणि तिचा मला आदर आहे. 'द लास्ट ऑफ अस भाग २'मध्ये अपंग खेळाडूंसाठी साठाहून जास्त सोयी आहेत. मोठी अक्षरं, रंग बदलण्याची सोय, दृष्टिहीन माणसाला केवळ आवाजावर पूर्ण गेम खेळता येईल अशी रचना. हे शिकण्यासारखं आहे, आणि त्यातलं बरंच काही चार जणांनाही जमतं. अक्षरं मोठी करायला कोट्यवधी डॉलर लागत नाहीत. त्या दोन मुलींचा पावसाचा गेम जवळजवळ डोळे मिटून खेळता येत होता. आपल्या गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नव्हता.

आता नोकरीबद्दल, कारण पालकही हाच विचार करून मुलांना या वाटेवर पाठवतात आणि काही क्लासवाले 'सहा महिन्यांत ट्रिपल-ए गेम डेव्हलपर' अशा जाहिराती करतात.

आपल्या उद्यमबागेत हे समजायला सोपं जाईल. तिथल्या फौंड्रीत ओतलेलं, शेजारच्या शेडमध्ये मशीनिंग झालेलं कास्टिंग बाहेरगावी जातं आणि कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या यंत्रात बसतं. ड्रॉइंग त्यांचं, माप त्यांचं, यंत्रावरचं नाव त्यांचं, काम आपलं. भारतात ट्रिपल-एचं जे काम येतं ते मोठ्या प्रमाणात असंच जॉबवर्क आहे. परदेशातून दाराचं चित्र येतं, पॉलिगॉन (मॉडेलचे छोटे पृष्ठभाग) किती, टेक्श्चर (वरून चढवायचं चित्र) कोणत्या मापाचं, सगळं लिहून येतं. आपण दार बनवून पाठवतो. ते दार कुठल्या घराला लागणार आणि त्यातून कोण आत जाणार, हे आपल्याला माहीत नसतं. काम प्रामाणिक आहे, शिस्त शिकवतं, मी त्यावर घर चालवलं आहे. बेंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७मध्ये अशाच काळात उभी राहिली, जेव्हा भारतात हा धंदाच नव्हता, आणि २०१९मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वाल्या रॉकस्टारने ती विकत घेतली. पण जॉबवर्क करणाऱ्याच्या हाती ऑर्डर नसते. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरात गेम उद्योगातल्या वीस हजारांहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्याचा अंदाज आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये टेक्निकलर हा पॅरिसचा समूह कोसळला आणि बेंगळुरू-मुंबईतली त्याची ऑफिसं एकाएकी बंद झाली. सिनेमाचं व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवरची दृश्यं) आणि गेमचं काम करणारे हजारो कलाकार एका आठवड्यात घरी बसले. त्यांत आपल्या उत्तर कर्नाटकातली मुलंही होती. त्यांच्या कामात खोट नव्हती.

पुण्याचं उदाहरण मनाला जास्त लागतं. सप्टेंबर २०२०मध्ये युबिसॉफ्टने जाहीर केलं की 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार त्यांचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ बनवणार. एवढ्या नावाच्या गेमचं पूर्ण नेतृत्व भारतात, हे आम्हा सगळ्यांसाठी फार मोठं होतं. ट्रेलर आला आणि जगभरच्या लोकांनी ग्राफिक्सवर टीका केली. गेम लांबत गेला, २०२२मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. आत नक्की काय घडलं ते आतल्यांना माहीत. पण एक दिसतं: ट्रेलरची दोन मिनिटं पाहून 'लुक'वर निकाल लावायची सवय तिथेही होती, आपल्याकडेही आहे.

त्याच पुण्यात, त्याच २०२० साली, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' पूर्ण केला. भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, देवळं, किल्ले, भिंतीवरची चित्रं. दोष त्यातही आहेत, लढाई काही ठिकाणी कच्ची वाटते. पण तो दुसऱ्या कोणाच्या ड्रॉइंगवरून बनलेला नाही. 'वेंबा' हा कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचा गेम. आईच्या पुसट झालेल्या वहीवरून इडली, बिर्याणी करायची, आणि जेवण करता करता मुलगा घरापासून कसा दूर जातो ते कळत जातं. दोन तासांत संपतो. त्याला २०२४चा बाफ्टा या ब्रिटिश अकादमीचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. 'स्टारड्यू व्हॅली' एका माणसाने चार-साडेचार वर्षं एकट्याने बनवला: चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं. शेती करायची, गुरं पाळायची, गावकऱ्यांशी ओळख वाढवायची. त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. कित्येक ट्रिपल-ए गेमच्या नशिबी हा आकडा नसतो.

मधली वाटही आहे. 'हेलब्लेड' हा २०१७चा गेम सुमारे वीस जणांच्या चमूने केला आणि पाहणाऱ्याला तो बड्या स्टुडिओचा वाटला. २०२५मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल स्टुडिओचा 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३' आला. मुख्य चमू तीसेक जणांचा, खर्च एक कोटी डॉलरच्या आत असल्याचं सांगितलं जातं, आणि डिसेंबरमध्ये 'द गेम अवॉर्ड्स'चा वर्षाचा सर्वोत्तम गेम हा मान त्यालाच मिळाला. 'तीस जणांनी ट्रिपल-ए केला' असं लोक म्हणतात, त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. ॲनिमेशन, टेस्टिंग, आवाज यांसाठी बाहेरची बरीच माणसं होती आणि अनरिअल इंजिनने पुष्कळ भार उचलला. पण हे उदाहरण मी मुलांना नेहमी देते, कारण त्या चमूने आधी आपल्याला काय परवडतं ते ठरवलं आणि मग गेम त्या मापाचा केला. मोकळं विशाल जग केलं नाही. लढाई आलटून-पालटून खेळायची ठेवली, जी मोठे प्रकाशक आता जुनी मानतात.

आपल्या सीमाभागाकडे कोणत्याही मोठ्या स्टुडिओजवळ नसलेली एक गोष्ट आहे. इथलं साधं पोर मराठीत भांडतं, कन्नडमध्ये बाजार करतं, इंग्रजीत परीक्षा देतं, आणि शेजारी उर्दू-कोकणी ऐकत मोठं होतं. मराठीत खेळता येईल असा एकही ट्रिपल-ए गेम मी आजवर पाहिलेला नाही. हा प्रश्न निव्वळ भावनेचा नाही, तांत्रिक आहे. युनिटी इंजिनमध्ये वर्षानुवर्षं वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो हे अक्षरं दाखवण्याचं साधन देवनागरी नीट जुळवत नाही. 'कित्तूर' लिहा, ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी यायची ती नंतर जाऊन पडते, 'त्त' फुटून पाय मोडलेला 'त' दिसतो. कन्नडमध्ये अक्षराखाली येणारी ओत्तक्षरं अशीच विस्कटतात. २०२३मध्ये आलेल्या गोडो ४ या फुकट, मुक्त इंजिनमध्ये ही जुळणी मुळातच नीट होते. मी मुलांना तेच वापरायला सांगते. माझ्या वर्गातल्या एका गटाने मराठी आणि कन्नड दोन्हींत एकाच बटणावर बदलणारा गेम केला. त्यात कन्नड वाक्य लांब झालं की चौकट आपोआप वाढते, आणि पात्र बोलता बोलता भाषा बदलतं, जसं आपण खडेबाजारात बदलतो. हे काम बघायला सोपं वाटतं, करायला फार चिकाटी लागते. जे ते शिकले ते उद्या कुठल्याही स्टुडिओत कामाला येईल, कारण भाषांतराची घडी बसवणारी माणसं सगळीकडे लागतात. आपल्या गुणपत्रिकेत त्याला शून्य.

विषयांचीही कमतरता नाही. हलशीची कदंबकालीन देवळं, राजहंसगड, नंदगड, शहापूरचे हातमाग, निपाणीची तंबाखूची वखार, शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री रांगेत उभे असलेले ट्रॅक्टर. सगळ्यांनी यावरच गेम करावेत असं माझं म्हणणं नाही. कोणाला अंतराळयान करायचं असेल तर जरूर करावं. पण खानापूरकडच्या जांभ्या दगडाची भिंत मोबाइलने चाळीस-पन्नास फोटो काढून स्वतः थ्रीडीत उतरवणं आणि आइसलंडचा कातळ डाउनलोड करणं, यांत शिकण्याचा फरक किती आहे, हे परीक्षकांना तरी दिसायला हवं. फोटोंवरून मॉडेल बनवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, थ्रीडी काम करायचं ब्लेंडर फुकट आहे. एवढ्यासाठी लॅबला बजेट लागत नाही.

कर्नाटकाने ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी देशातलं पहिलं राज्य धोरण २०१२मध्ये केलं, त्यानंतर ते दोनदा नव्याने आलं. त्याचा लाभ बहुतांशी बेंगळुरूभोवती राहिला. तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या मच्छेला आहे, मुलं इथली आहेत, निदान स्पर्धेची गुणपत्रिका तरी इथल्या मुलांच्या मापाची करणं आपल्या हातात आहे. त्याला बेंगळुरूहून मंजुरी यावी लागत नाही.

मग त्या रकान्याच्या जागी काय ठेवावं, असं आपण विचाराल. मला सुचतं ते असं. गेम पूर्ण झाला आहे का, म्हणजे अनोळखी माणसाने हातात घेतला तर सुरुवात, मध्य, शेवट सापडतो का. परीक्षकांनी तो स्वतः दहा मिनिटं खेळावा. प्रोजेक्टरवरचा ट्रेलर पाहून गुण देऊ नयेत. गेम विद्यार्थ्यांच्या बारा-पंधरा हजारांच्या अँड्रॉइड फोनवर अडखळत नाही ना, हे पाहावं. अशा स्वस्त फोनवर नीट चालवायला जी काटकसर करावी लागते ती खरी अभियांत्रिकी आहे. स्वतः काय बनवलं आणि तयार काय घेतलं, याची यादी गटाने आधी द्यावी. तयार वस्तू वापरल्याबद्दल गुण कापू नयेत, फक्त त्या वस्तूंना गुण देऊ नयेत. आणि चित्रांबद्दल विचारायचंच असेल तर एवढंच विचारावं: या गेमला जे दाखवायचं आहे, ते ही चित्रं दाखवतात का?

पुढच्या स्पर्धांची माहितीपत्रकं डिसेंबर-जानेवारीत छापली जातात. त्याआधी कोणत्याही कॉलेजने बोलावलं तर मी येईन, आपल्या विभागातल्या शिक्षकांबरोबर बसून नवी गुणपत्रिका तयार करायला मदत करीन, त्याचं मानधन नको. एक विनंती मात्र आहे: त्या बैठकीला दोन-चार विद्यार्थ्यांनाही बसवावं. त्या दोन मुलींपैकी एक आता अंतिम वर्षाला आहे, ती यायला तयार आहे.

कळावे,

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातली एक गेम आर्टिस्ट,
सध्या मुक्काम बेळगाव